बोलोन्याहून पाहुण्या येणार आहेत, काय रांधू?

तुमचे पत्र बरेच मोठे असल्याने त्यातला मुद्दा इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. शिक्षण आणि नंतर नोकरी यांच्या निमित्ताने तुम्ही पाच वर्षे उत्तर इटलीतल्या बोलोन्यात राहिलात, घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात बसून अनेकदा जेवलात, आणि गेल्या वर्षी युरोपाबाहेरच्या एका देशात राहायला गेलात. जाताना बरोबर नेलेले चीज, पास्ता आणि ऑलिव्ह तेल चार महिन्यांत संपले. "तीनदा कार्बोनारा केला आणि तिन्ही वेळा अंडे फाटून त्याच्या कण्या झाल्या, ग्वांचाले मिळत नाही म्हणून बेकन घातले तर सगळ्याला धुराचा वास लागला, टोमॅटो दिसायला लालभडक आणि चवीला नुसते पाणी," असे तुम्ही लिहिता. आता त्याच घरमालकीणबाई पुढच्या महिन्यात आठवडाभर तुमच्याकडे राहायला येणार आहेत. त्यांच्यापुढे काय वाढायचे, आणि जे सामान मिळतच नाही त्याच्या जागी दुसरे काही घालणे ही फसवणूक ठरते का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे आणि ते तुमच्या फसलेल्या कार्बोनारातच आहे. अंडी, चीज आणि खारवलेले डुकराचे मांस यांच्या या पास्त्याच्या नावाने आज इटलीत भांडणे होतात. क्रीम घालणाऱ्याला तर माफीच नसते. पण कार्बोनाराची आजवर सापडलेली सर्वांत जुनी छापील कृती 1952 सालची आहे आणि ती शिकागोत छापली गेली. खुद्द इटलीतील एका मासिकाने 1954 मध्ये तिची कृती दिली, तेव्हा तिच्यात पान्चेत्ता (डुकराच्या पोटाचे खारवलेले मांस), लसूण आणि चक्क ग्रुयेर हे स्विस चीज होते. ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचे खारवलेले मांस, आणि पेकोरीनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचे चीज यांखेरीज काहीही चालणार नाही, हा दंडक त्यानंतरचा आहे. तेव्हा पर्याय वापरण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. तो कोणत्या पदार्थात खपतो आणि कोणत्यात उघडा पडतो, एवढेच पाहायचे असते.

आणि इथेच तुमची निवड चुकते आहे, असे मला पत्र वाचताना जाणवले. राहिलात तुम्ही बोलोन्यात, पण रांधता आहात रोम आणि नापोलीचे पदार्थ. कार्बोनारा, काचो ए पेपे (चीज आणि मिरीचा पास्ता), टोमॅटो आणि मोझ्झारेल्ला यांचे नुसते काप, फुगलेल्या कडांची पातळ पिझ्झा, हे सगळे तीन-चार जिन्नसांचे पदार्थ आहेत. त्यांतला एक जरी जिन्नस उणा पडला तरी ते झाकायला दुसरे काही नसते. त्याउलट बोलोन्याचा स्वयंपाक मैदा, अंडी, खिमा, दूध, लोणी, कांदा, गाजर आणि सेलरी यांवर उभा आहे. हे सामान जवळपास कुठेही मिळते, आणि तीन तास मंद आचेवर शिजणारा पदार्थ जिन्नसातले पुष्कळ दोष पोटात घालतो. घरमालकीणबाईंना त्यांच्याच गावचे जेवण वाढायला तुम्ही कचरत असाल तर ते मी समजू शकते. पण तुमच्या परिस्थितीत तेच सर्वांत सोपे आहे. त्याची कृती पुढे देते. आधी सामानाचे बघू.

खर्च करायचा तर तो चीजवर करा. खरे पार्मिजानो रेज्जानो गाईचे कच्चे दूध, मीठ आणि रेनेट (दूध साकळवणारे विकर) या तीनच गोष्टींपासून बनते, त्यात दुसरे काही घालायला परवानगी नाही, आणि ते किमान 12 महिने मुरवावे लागते. युरोपीय संघात 'पार्मेझान' हे नावही याच चीजसाठी राखीव आहे. युरोपीय न्यायालयाने 2008 मध्ये जर्मनीविरुद्धच्या खटल्यात ते स्पष्ट केले. युरोपाबाहेर अनेक देशांत मात्र त्या नावाखाली स्थानिक कारखान्याचे चीज खुशाल विकले जाते, म्हणून वेष्टनावरचे नाव वाचून समाधान मानू नका. तुकड्याची साल बघा. अस्सल चाकाच्या सालीवर सगळीकडून ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत नाव उमटवलेले असते, त्यामुळे छोट्या तुकड्यावरही त्या नावाचा एखादा भाग दिसतोच. किसलेल्या चीजचे पाकीट मुळीच घेऊ नका. किसाचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर बहुधा सेल्युलोज किंवा स्टार्च भुरभुरवलेला असतो, आणि किसून ठेवलेल्या चीजचा वास तर केव्हाच उडालेला असतो. मीही एकदा वेळ वाचवायला असे पाकीट आणले होते; सॉसमध्ये ते विरघळले नाही, नुसती ओल्या लाकडाच्या भुश्यासारखी कचकच राहिली.

मूळ चीज परवडत नसेल तर त्याच पठडीतले ग्राना पादानो घ्या. ते किमान 9 महिने मुरवलेले असते, चवीला थोडे सौम्य असते आणि सहसा स्वस्त पडते. दोन्ही चीजसाठी वासराच्या पोटातून काढलेले रेनेट वापरतात. तुमच्या टेबलावर कुणी ते टाळणारे असेल तर वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे कठीण चीज घ्यावे आणि त्याला त्याच्या खऱ्या नावानेच हाक मारावी. चीज संपल्यावर साल टाकून देऊ नका. ती खरवडून, धुऊन फ्रीझरमध्ये ठेवा आणि घेवड्याच्या दाण्यांच्या किंवा भाज्यांच्या सूपमध्ये तासभर उकळू द्या. महागड्या चीजचे पैसे त्या सालीतून निम्मे तरी परत मिळतात, असा माझा हिशेब आहे.

विमानाने सामान आणण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. पुष्कळ देशांचे सीमाशुल्क खाते बाहेरून आलेले मांस जप्त करते, मग ते कितीही मुरवलेले आणि हवाबंद असो. कठीण चीजला त्या मानाने सवलत असते, तरी त्या-त्या देशाचे नियम आधी पाहावेत. तेव्हा पाहुण्यांना ग्वांचाले आणायला सांगू नका. हवाबंद पाकिटातला पार्मिजानोचा एक किलोचा तुकडा आणता येतो का, तेवढे विचारा.

आता टोमॅटो. ताज्या टोमॅटोचा नाद, निदान सॉससाठी, सोडून द्या. दूरच्या बाजारासाठी ते कच्चे तोडलेले असतात आणि वाटेत लाल होतात, त्यामुळे रंग येतो, चव येत नाही. इटलीतील घरांतही हिवाळ्यात डब्यातले किंवा बाटलीतले टोमॅटोच वापरतात, आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. डबा घेताना सोललेले अख्खे टोमॅटो घ्या, चौकोनी फोडींचा डबा नको. फोडी आकार धरून राहाव्यात म्हणून त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड घातलेले असते, आणि मग तास उलटला तरी त्या विरघळत नाहीत. डब्यावर 'सान मार्त्सानो' एवढेच लिहिलेले असेल तर ते केवळ टोमॅटोच्या जातीचे नाव असू शकते. व्हेसूव्हियसजवळच्या सार्नो आणि नोचेरा या भागातल्या टोमॅटोवर संरक्षित उगमाची मोहर असते, आणि ते अख्खे किंवा लांबट कापांत येतात, बारीक चिरलेले कधीच नाही. तरीही मोहरेसाठी दुप्पट पैसे मोजायला मी सांगणार नाही. दोन-तीन प्रकारचे डबे आणा, प्रत्येकातला एकेक टोमॅटो कच्चाच चाखा, आणि जो आंबट-गोड लागेल, धातूसारखा लागणार नाही, तो ठरवून टाका.

असे डबे हाताशी असले की परदेशातल्या सर्वांत उपयोगी सॉसची तयारी झाली. मार्चेल्ला हाझान या मूळच्या एमिलिया-रोमान्यातल्या बाई 1955 मध्ये लग्नानंतर न्यूयॉर्कला गेल्या. त्या विज्ञानातल्या डॉक्टरेट होत्या आणि तोवर त्यांना स्वयंपाक येत नव्हता. आठवणीतल्या चवींच्या मागे जात त्या परक्या शहरात शिकल्या आणि पुढे हजारोंना शिकवत्या झाल्या. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या सॉसमध्ये अख्ख्या टोमॅटोंचा एक मोठा डबा, सुमारे 70 ग्रॅम लोणी आणि मधोमध कापलेला एक कांदा, एवढेच असते. लसूण नाही, कोणताही पाला नाही. मंद आचेवर पाऊण तास ठेवायचे, टोमॅटो चमच्याने दाबून मोडायचे, आणि शेवटी कांदा काढून टाकायचा. लोणी टोमॅटोचा तिखट आंबटपणा झाकते, म्हणून सामान्य डब्यातूनही हा सॉस चांगला उतरतो. पाहुण्या ज्या संध्याकाळी थकून उतरतील, त्या संध्याकाळी हेच करा.

सुक्या पास्त्याबद्दल थोडेच सांगते. इटलीत 1967 च्या कायद्यापासून सुका पास्ता डुरुम गव्हाच्या रव्याचाच असावा लागतो; इतरत्र तसे बंधन नसते, म्हणून पाकिटावरची घटकांची ओळ वाचा. पास्त्याचा पृष्ठभाग खरखरीत आणि पिठाळ दिसायला हवा. पितळी साच्यातून काढलेल्या आणि सावकाश वाळवलेल्या पास्त्याची ती खूण आहे, आणि सॉस त्यालाच धरतो. गुळगुळीत, पिवळाजर्द, चकाकणारा पास्ता ठेवून द्या. पाण्याचे माप पाठ करायला सोपे आहे: 100 ग्रॅम पास्ता, 1 लिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ. मीठ तुम्हाला जास्त वाटले तर 7 ग्रॅमपर्यंत उतरा, त्याखाली नको.

त्या पाण्यात उतरलेल्या स्टार्चमुळेच सॉस मिळून येतो, आणि हे न कळल्याने तुमच्यासारख्या अनेकांची गाडी अडते. काचो ए पेपेच्या गुठळ्यांचा प्रश्न तर भौतिकशास्त्रज्ञांनीही हाती घेतला. त्यांच्यातले काही इटलीबाहेर राहणारे इटालियन होते, म्हणजे तुमच्याच वाटेचे प्रवासी. त्यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाचा निष्कर्ष असा, की चीजच्या वजनाच्या 1 टक्क्यापेक्षा कमी स्टार्च असेल तर तापल्यावर चीजच्या मोठ्या गुठळ्या होतात, आणि 2 ते 3 टक्के असेल तर सॉस तुकतुकीत राहतो. त्या कामाला त्याच वर्षी गमतीदार संशोधनाचे इग नोबेलही मिळाले. घरातल्या पाण्यात किती स्टार्च उतरला हे मोजता येत नसल्याने त्यांनी सुचवलेली युक्ती अशी: 240 ग्रॅम पास्त्यासाठी 160 ग्रॅम पेकोरीनो घ्यावे, आणि 4 ग्रॅम मक्याचे किंवा बटाट्याचे स्टार्च 40 ग्रॅम पाण्यात दाटसर होईपर्यंत गरम करून, ते थोडे निवल्यावर चीजमध्ये घोटून घ्यावे. रोममधल्या आजीबाई नाक मुरडतील. पण परक्या शहरातल्या अनोळखी चीजवर ही युक्ती लागू पडते, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

कार्बोनाराही असाच फसतो. अंड्याचा बलक 65 ते 70 अंश सेल्सियसच्या आसपास घट्ट होतो, आणि तुम्ही तो आचेवरच्या पातेल्यात ओतता असे पत्रावरून दिसते. पातेले आचेवरून उतरवा, पास्ता घाला, मिनिटभर हलवून वाफ जाऊ द्या, मग बलक आणि चीज एकत्र फेटून घाला आणि पास्त्याचे पाणी चमच्याचमच्याने घालत सतत हलवत राहा. बेकनऐवजी पान्चेत्ता शोधा, कारण तो सहसा धुरावलेला नसतो. तोही नसेल तर बेकनचे तुकडे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून, निथळून, मग परता. धुराचा वास बराच कमी होतो. हे तुमच्या घरच्या रात्रींसाठी करा. पाहुण्यांपुढे नको.

काही गोष्टींचा नाद मात्र मनमोकळेपणाने सोडावा, असे मला वाटते. नापोलीची पिझ्झा सुमारे 450 अंशांच्या भट्टीत दीड मिनिटाच्या आत भाजली जाते. घरची भट्टी 250 अंशांवर थांबते आणि तिथे तेच पीठ वाळून बिस्किटासारखे होते. त्याऐवजी तव्यात किंवा ट्रेमध्ये भाजायची जाड फोकाच्चा (ऑलिव्ह तेलातला चपटा पाव) करा, ती मुळातच अशा आचेची आहे. ताजे मोझ्झारेल्ला आठवडाभर प्रवास करून आले असेल तर घेऊ नका. पेस्तोसाठी बेसिलची पाने कोवळी आणि लहान हवीत. मोठ्या पानांना पुदिन्याकडे झुकणारा वास येतो. तशी पाने मिळाली नाहीत तर सिसिलीतील त्रापानीच्या पद्धतीने बदाम आणि टोमॅटो घालून वाटण करा, त्यात बेसिलवर फारसा भार नसतो. आणि चीज संपल्याच्या रात्री दक्षिण इटलीतल्या गरीब घरांची पद्धत आठवा: शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्ह तेलात खरपूस परतून पास्त्यावर चिजासारखा भुरभुरवायचा. अँकोव्ही या खारवलेल्या छोट्या माशाचे दोन तुकडे त्या तेलात विरघळवले तर चीजची आठवणही येत नाही.

आता मुख्य जेवण. बोलोन्याच्या रागूची, म्हणजे खिम्याच्या सॉसची, कृती इटालियन पाककला अकादमीने 17 ऑक्टोबर 1982 रोजी तिथल्या वाणिज्य मंडळात नोंदवली, आणि 2023 मध्ये तीच सुधारून पुन्हा नोंदवली. सुधारित कृतीत दूध ऐच्छिक झाले, आणि वाइन लाल की पांढरी हेही करणाऱ्यावर सोपवले गेले. खुद्द बोलोन्यानेच एवढी मोकळीक दिल्यावर तुम्ही कशाला अवघडून बसता?

चार-पाच जणांसाठी गाईच्या मांसाचा जाडसर खिमा 400 ग्रॅम आणि पान्चेत्ता 150 ग्रॅम घ्या. आधी पान्चेत्ता बारीक चिरून त्याची चरबी सुटेपर्यंत मंद परता. मग कांदा, गाजर आणि सेलरी यांचा सोफ्रीत्तो, म्हणजे प्रत्येकी सुमारे 50 ग्रॅम अगदी बारीक चिरून, त्यात घाला आणि मऊ होईपर्यंत हलवत राहा. तो तांबूस होऊ देऊ नका. त्यानंतर आच वाढवून खिमा घाला, आणि इथे घाई करू नका. खिम्यातून पाणी सुटते, पातेल्यात आधी नुसते खदखदल्याचा आवाज येतो. ते पाणी आटले की आवाज बदलतो आणि चरचर ऐकू येऊ लागते. त्या चरचरीनंतरच वाइन ओता. बहुतेक लोक वाइन आधी ओततात आणि मग रागू उकडल्यासारखा लागतो. वाइनचा उग्र वास गेला की टोमॅटोची प्युरी 200 ग्रॅम, एक चमचा दाट टोमॅटो पेस्ट आणि लागेल तसा मांसाचा रस्सा घालून दोन ते तीन तास अगदी मंद आचेवर ठेवा, इतक्या मंद की बुडबुडा एखाद-दुसराच यावा. शेवटच्या तासात एक पेला दूध थोडे-थोडे करून मुरवा. लसूण नाही, ओरेगानो नाही. हे आदल्या दिवशी करून ठेवलेत तर दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते, आणि पाहुण्यांच्या समोर तुमची धांदलही होत नाही.

हा रागू स्पगेटीवर घालू नये, हे पाच वर्षे बोलोन्यात राहिलेल्या व्यक्तीला सांगण्याची गरज नाही. तालियातेल्ले, म्हणजे त्याच्या जोडीच्या अंड्याच्या पास्त्याच्या चपट्या पट्ट्या, यांसाठी 'शून्य-शून्य' मैदा मिळत नसेल तर साधा मैदा चालतो. ते शून्य मैदा किती शुद्ध आणि बारीक आहे हे सांगते, त्यात प्रथिने किती आहेत हे सांगत नाही. माणशी 100 ग्रॅम मैदा आणि एक अंडे हे माप तुम्हाला माहीत आहेच, पण अंड्यांचा आकार देशागणिक बदलतो, म्हणून कवच काढून सुमारे 55 ग्रॅम असे वजनाने घ्या. पास्ता फिकट निघाला तर घाबरू नका. इटलीत पास्त्यासाठी गडद बलकाची अंडी वेगळी विकली जातात, आणि तो गडदपणा कोंबडीच्या खाद्यातून येतो. एका अंड्याऐवजी दोन बलक घातले की रंगही येतो आणि चवही. दहा-पंधरा मिनिटे मळा, झाकून अर्धा तास ठेवा, आणि हात आरपार दिसेल इतके पातळ लाटा. रुंदीबद्दल बोलोन्याचे लोक हळवे आहेत: शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग, असे 1972 मध्ये सोन्याची तालियातेल्ला करून वाणिज्य मंडळात नोंदवून ठेवले आहे. कच्ची असताना 7 मिलिमीटर कापा. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे पुरतात. मग रागूच्या पातेल्यातच थोड्या पाण्यासह हलवून वाढा, आणि चीज टेबलावर किसा.

एक सूचना मात्र आग्रहाने करते. तालियातेल्ले पाहुण्या येण्याआधी तयार करून ठेवू नका. रागू आदल्या रात्री करा, पीठ त्या आल्यावर भिजवा, आणि ओटा मोकळा ठेवून लांब लाटणे समोर ठेवा. तुमच्या पत्रात त्यांच्या लाटण्याचे दोनदा वर्णन आले आहे, त्यावरून मला वाटते की त्या पाच मिनिटांहून अधिक वेळ खुर्चीत बसणार नाहीत. त्यांनी लाटणे हातात घेतले की पिठाविषयी, अंड्यांविषयी आणि तिथल्या मैद्याविषयी त्या जे काही पुटपुटतील ते लिहून घ्या, कारण तुमच्या नव्या गावातला मैदा त्यांचे हात जितका ओळखतील तितका मी पत्रातून ओळखू शकत नाही.